मुदत संपलेला करार

दिवाळीला अजून पंधरा दिवस असले म्हणजे गिरगाव-परळच्या चाळींतून एक प्रश्न हमखास ऐकू येत असे, "बोनस झाला का?" पगार झाला का, असे कोणी विचारीत नसे, कारण पगार होणारच हे गृहीत असे. बोनसचे मात्र लग्नासारखे होते. तो ठरायचा, मोडायचा, पुन्हा जुळायचा, आणि झाला म्हणजे साऱ्या मजल्याला कळायचा. मुलांचे कपडे, वाण्याची थकलेली उधारी, मुलीच्या बांगड्या, गावाकडे पाठवायची मनिऑर्डर, या साऱ्यांची आशा त्या एका शब्दावर टांगलेली असे. चकलीच्या भाजणीत किती तांदूळ आणि किती डाळ घालायची हे घरची बाई ठरवी, पण भाजणी किती शेर करायची हे बोनस ठरवी!

अशा या घरगुती शब्दाच्या पोटात कायद्याचा एक मोठा इतिहास दडलेला आहे. दोन पक्षांनी बसून एक करार केला, मागून नवा कायदा आला, तर त्या जुन्या कराराचे काय होते? तो नव्या कायद्यात जिवंत शिरतो, की दाराबाहेरच राहतो? आणि कराराची मुदतच संपली असेल तर? प्रश्न रुक्ष वाटतो खरा. परंतु त्याचे उत्तर ज्या भांडणातून मिळाले, ते आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी ज्याची पॉलिसी आहे त्या आयुर्विमा महामंडळातले भांडण आहे, आणि त्याची हकीकत चांगली रंगतदार आहे. फराळाचे ताट बाजूला न सारताही ती वाचता येईल.

प्रथम थोडे मागे जावे लागेल. पहिल्या महायुद्धाच्या काळात मुंबईच्या गिरण्यांना अमाप नफा झाला आणि महागाईने कामगार हैराण झाले. तेव्हा मालकांनी पगारावर काही जादा रक्कम द्यायला सुरुवात केली. युद्ध संपले तरी वर्षाकाठी एका पगाराइतका बोनस चालू राहिला. १९१९ ते १९२२ अशी चार वर्षे तो मिळाला. चार वर्षे एखादी गोष्ट मिळाली म्हणजे ती आपल्या हक्काची, असे माणसाला वाटू लागते, आणि त्यात त्याची चूक नाही. १९२३ सालचा बोनस द्यायला मालकांनी नकार दिला, तेव्हा १९२४ च्या जानेवारीत गिरण्या बंद पडल्या. सुमारे दीड लाख कामगार मार्चअखेरपर्यंत घरी बसले. सरकारने मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लिऑड यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. समितीने निर्वाळा दिला की, कामगारांना बोनस मागण्याचा वहिवाटीने, कायद्याने किंवा न्यायबुद्धीने, कोणत्याच प्रकारे अंमलात आणता येईल असा हक्क नाही. मालकाने दिले तर घ्यावे, न दिले तर गप्प बसावे, असाच त्याचा अर्थ.

वाचकांनी हा १९२४ चा निर्वाळा ध्यानात ठेवावा. चोपन्न वर्षांनी याच देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने बोनसला काय म्हटले, हे पुढे यायचे आहे.

मधल्या काळात बोनस हळूहळू बक्षिसाचा हक्क झाला. १९५० साली कामगार अपील न्यायाधिकरणाने मुंबईच्याच गिरण्यांच्या एका वादात सूत्र घालून दिले. नफ्यातून घसारा, यंत्रांच्या पुनर्वसनाची तरतूद आणि भरणा झालेल्या भांडवलावर सहा टक्के वगैरे रकमा आधी काढाव्या, आणि उरेल त्यात कामगाराचा वाटा धरावा. जगण्यापुरती मजुरी आणि प्रत्यक्ष हातात पडणारी मजुरी यांतले अंतर भरून काढणे हे बोनसचे काम, असा त्यामागे विचार होता. पुढे १९६१ साली एम. आर. मेहेर यांच्या अध्यक्षतेखाली बोनस आयोग नेमला गेला आणि १९६५ साली बोनस देण्याचा कायदा झाला. कमीत कमी चार टक्के, जास्तीत जास्त वीस टक्के. नफा असो वा तोटा, चार टक्के सुटत नाहीत.

या कायद्यातून काही संस्था वगळल्या होत्या, आणि त्यांत आयुर्विमा महामंडळ होते. म्हणजे तिथल्या कारकुनाला आणि शिपायाला कायद्याने बोनस मिळत नव्हता. मिळाला तर तो कराराने. आपल्या गोष्टीची गाठ इथे आहे.

आता महामंडळाच्या जन्माकडे वळू. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री अर्थमंत्री चिंतामणराव देशमुख यांनी आकाशवाणीवरून जाहीर केले की, आयुर्विम्याचा धंदा सरकारने ताब्यात घेतला आहे. वटहुकूम आधीच निघालेला होता. पुढे कायदा झाला आणि १ सप्टेंबर १९५६ रोजी महामंडळ अस्तित्वात आले. देशी-परदेशी विमा कंपन्या आणि भविष्यनिर्वाहाच्या संस्था धरून एकूण २४५ संस्था त्यात विलीन झाल्या. त्यांत १८७४ साली निघालेली मुंबईची बलाढ्य 'ओरिएंटल' होती, तशीच अण्णासाहेब चिरमुल्यांनी साताऱ्यात १९१३ साली उभी केलेली 'वेस्टर्न इंडिया'ही होती. आमच्या घरी पत्र्याच्या पेटीत आजोबांची जी पॉलिसी होती, तिच्यावर याच साताऱ्याच्या कंपनीचे नाव होते. कंपनी गेली, पण पॉलिसी गेली नाही. हप्ते महामंडळाकडे भरले गेले आणि पैसेही महामंडळानेच दिले. विमेदाराच्या कराराचे असे झाले. पण कंपनीत काम करणाऱ्या माणसाच्या कराराचे काय?

२४५ संस्था म्हणजे २४५ तऱ्हांचे पगार, रजा, ग्रॅच्युइट्या आणि पेन्शनी. कुठे साहेबी थाटाच्या कचेरीत भरघोस पगार, तर कुठे जिल्ह्याच्या गावी दोन खोल्यांत चालणाऱ्या कंपनीत कारकुनाचे कसेबसे भागणारे वेतन. हे सारे एका छपराखाली आले. कायद्याच्या अकराव्या कलमाने प्रथम मोठे अभय दिले. जुन्या कंपनीचा पूर्णवेळ नोकर नेमलेल्या दिवशी महामंडळाचा नोकर होईल, आणि हा कायदा झालाच नसता तर जो पगार, ज्या अटी, जे हक्क त्याला असते, तेच त्याला राहतील. रीतसर बदल होईपर्यंत जुने चालू. घर बदलले, पण भांडीकुंडी तीच.

परंतु त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटात निराळीच भाषा होती. वेतनश्रेण्या सारख्या करण्यासाठी केंद्र सरकारला नोकरांच्या अटी बदलता येतील, त्या कमीही करता येतील, आणि याआड औद्योगिक विवादाचा कायदा, कोणताही निवाडा, समेट किंवा करार, काहीही येणार नाही. एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेता यावे, अशी ही तजवीज. ती दुष्ट बुद्धीने केली होती असे मी म्हणणार नाही. दोनशे पंचेचाळीस वेतनश्रेण्या एकत्र नांदविणे कोणालाच शक्य नव्हते. १९५७ साली सरकारने तसा हुकूम काढून श्रेण्या एकसारख्या केल्या. परंतु एकदा घर लावण्यासाठी दिलेली किल्ली कायमची कोणाच्या खिशात राहते, हा प्रश्न तेव्हापासूनच शिल्लक होता.

पुढची वीस वर्षे या हुकमापेक्षा वाटाघाटींनीच कारभार चालला. १९५९ साली महामंडळ आणि नोकरांच्या संघटना यांच्यात दीड महिन्याच्या मूळ पगाराइतका रोख बोनस ठरला. मग एकामागून एक करार होत गेले, आणि १९७४ साली आपल्या गोष्टीचा नायक जन्माला आला. २४ जानेवारी १९७४ रोजी चार संघटनांशी आणि ६ फेब्रुवारीला पाचव्या संघटनेशी तसाच करार झाला. वर्ग तीन आणि चार, म्हणजे कारकून, टंकलेखक, शिपाई, हमाल या मंडळींना वार्षिक पगाराच्या पंधरा टक्के रोख बोनस. पगारात महागाईभत्ताही धरायचा. नफ्यातला वाटा म्हणून नव्हे, कारण नफ्याची भाषा विम्याच्या धंद्यात चालत नाही. मूळ कायद्याप्रमाणे शिलकीतला किमान पंच्याण्णव टक्के भाग विमेदारांचा असे. (विमेदाराला जे मिळते त्यालाही 'बोनस'च म्हणतात, हा आपल्या भाषेतला एक गमतीदार योग.) कराराची मुदत चार वर्षांची, १ एप्रिल १९७३ ते ३१ मार्च १९७७. केंद्र सरकारची त्याला संमती होती. पैसे दिवाळीत नव्हे, तर वर्ष संपल्यावर एप्रिलच्या पगाराबरोबर मिळायचे. पहिल्या दोन वर्षांचे ते बिनबोभाट मिळालेही.

मग आणीबाणी आली. २५ सप्टेंबर १९७५ रोजी बोनस कायद्यात बदल करणारा वटहुकूम निघाला आणि सर्वसाधारण कामगारांचा किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून पुन्हा चारावर उतरला. महामंडळाच्या नोकरांना मुळात तो कायदाच लागू नव्हता, तेव्हा या वटहुकुमाचा त्यांच्याशी काही संबंध नव्हता. पण वारा कुठल्या दिशेने वाहतो आहे हे कचेऱ्यांना लगेच कळते. काही दिवसांतच परिपत्रक निघाले की, बोनसचा फेरविचार चालू आहे, तोवर पैसे देऊ नयेत. मार्च १९७६ मध्ये दुसरे परिपत्रक निघाले की, एप्रिलच्या पगाराबरोबर बोनस द्यायचा नाही.

कराराची मुदत अजून एक वर्ष बाकी होती. कोणी तो रद्द केलेला नव्हता. नोकर कलकत्त्याच्या उच्च न्यायालयात गेले. त्या दिवसांत सरकारच्या विरुद्ध कोर्टात जाणे म्हणजे साधी गोष्ट नव्हती. २१ मे १९७६ रोजी न्यायमूर्तींनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. करारात ठरलेले पैसे महामंडळाने द्यावेत, असा हुकूम झाला.

आणि बरोबर आठ दिवसांनी, २९ मे १९७६ रोजी संसदेचा एक कायदा झाला. एवढ्या थोड्या शब्दांत इतके मोठे काम करणारे कायदे विरळा. नावच मुळी 'आयुर्विमा महामंडळ (समेटात बदल) अधिनियम'. आशय इतकाच की, त्या दोन समेटांतला पंधरा टक्के बोनसचा भाग १ एप्रिल १९७५ पासून निर्बल समजावा, तो कधी बलवान होता असेही समजू नये. बाकीचा करार शाबूत. पगारवाढीचे कलम शाबूत, रजेचे शाबूत, नोकरांनी ज्या गोष्टी सोडून दिल्या त्याही शाबूत. फक्त त्यांना मिळायचे होते ते कलम तेवढे कापले. दोघांनी मिळून शिवलेल्या वस्त्रातून एकाच्या बाजूचे कापड कातरून न्यावे, तसे.

महामंडळाने कलकत्त्याच्या निकालावर अपील केलेले होते. नवा कायदा झाल्यावर त्यांच्या वकिलांना वाटले की, आता अपिलाची गरजच काय? त्यांनी ते पुढे चालविले नाही. अपील निकालात निघाले आणि खालच्या न्यायमूर्तींचा निकाल कायम झाला. ही क्षुल्लक वाटणारी गोष्ट पुढे फार महाग पडली. संसदेने करार रद्द केला होता, परंतु न्यायालयाचा हुकूम रद्द केलेला नव्हता. तो आपला तसाच उभा होता.

सर्वोच्च न्यायालयात सात न्यायाधीशांचे पीठ बसले. कज्जा 'मदनमोहन पाठक विरुद्ध भारत सरकार' या नावाने ओळखला जातो. निकाल लागला २१ फेब्रुवारी १९७८ रोजी, सरन्यायाधीश मिर्झा हमीदुल्ला बेग यांच्या निवृत्तीच्या तोंडावर. पीठावर यशवंतराव चंद्रचूड होते, ते दुसऱ्याच दिवशी सरन्यायाधीश झाले. मुख्य निकालपत्र न्यायमूर्ती भगवती यांचे. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. पहिली ही, की कलकत्त्याचा हुकूम अंतिम झालेला आहे, आणि नुसता करार मोडणाऱ्या कायद्याने तो पुसला जात नाही. दुसरी याहून मोठी. बोनसपोटी जे पैसे नोकरांना यायचे आहेत ते महामंडळाकडचे त्यांचे येणे आहे, आणि येणे ही मालमत्ता आहे. ती बुडविणे म्हणजे सरकारी संस्थेसाठी नोकरांची मालमत्ता मोबदल्याशिवाय काढून घेणे. घटनेच्या एकतिसाव्या कलमाला ते मंजूर नाही. सबब १९७६ चा कायदा रद्द!

१९२४ साली ज्याला कोणताच हक्क नाही म्हटले, ते १९७८ साली मालमत्ता ठरले. जमीन, घर, दागिना यांच्या रांगेत शिपायाचा बोनस जाऊन बसला. मला हा सारा प्रवास फार विलक्षण वाटतो. आणखी एक योग पाहा. ज्या एकतिसाव्या कलमाच्या आधारावर नोकर जिंकले, ते कलमच चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने २० जून १९७९ पासून घटनेतून गेले. निकालाला सोळा महिने उशीर झाला असता तर हे दार बंद झालेले सापडले असते.

गोष्ट इथे संपली असती तर ती कथेला शोभली असती. पण आता मूळ प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहिला. निकाल लागला तेव्हा कराराची मुदत संपून जवळजवळ वर्ष झाले होते. मागचे पैसे द्यावे लागले, ठीक आहे. पुढचे काय? आणीबाणी गेली होती, दिल्लीत दुसऱ्या पक्षाचे सरकार आले होते. परंतु तिजोरीवर बसणाऱ्याचे मत पक्षावर फारसे अवलंबून नसते, असे दिसते. निकालानंतर दहा दिवसांत, ३ मार्च १९७८ रोजी, महामंडळाने नोटीस दिली की, १९७४ चा करार आम्ही संपवीत आहोत. मे महिन्यात सरकारने नियमावलीत बदल करून टाकला, नोकरांना बोनस नाही.

आता कायदा काय सांगतो? १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या एकोणिसाव्या कलमात हा विषय होता. समेटात मुदत ठरली असेल तर तेवढी मुदत, ठरली नसेल तर सहा महिने तो बंधनकारक. मुदत संपली तरी तो आपोआप मरत नाही. एका पक्षाने लेखी नोटीस द्यावी, तिच्यापासून दोन महिने जावेत, तोवर तो चालूच. महामंडळ म्हणाले, आम्ही नोटीस दिली, दोन महिने गेले, करार संपला. पाटी कोरी झाली, तीवर आम्ही नवा नियम लिहिला.

युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण आपल्यातल्या कोणाही जुन्या भाडेकरूला विचारा. अकरा महिन्यांची भाडेचिठ्ठी संपली, नवी झाली नाही, तर बाराव्या महिन्याच्या पहिल्या तारखेला भाडे किती? घरमालकाच्या मनात येईल ते? तसे कोणी समजत नाही. नवे ठरेपर्यंत जुनेच भाडे चालते. नोकरीत तर हे याहून खरे आहे, कारण करार संपला म्हणून नोकरी संपत नाही. माणूस दुसऱ्या दिवशीही साडेदहाला मस्टरवर सही करतोच. मग तो कोणत्या अटींवर काम करतो? कोणत्याच नाही?

सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली साउथ इंडियन बँकेच्या एका प्रकरणात याची वाट दाखवून ठेवली होती. तिथे निवाड्याची मुदत संपलेली होती. न्यायालयाने म्हटले होते की, मुदत संपल्यावरही निवाड्यातल्या अटी दोन्ही पक्षांमध्ये करार म्हणून शिल्लक राहतात, आणि त्यांची जागा दुसरे काही घेईपर्यंत चालतात. महामंडळाचा दुसरा कज्जा न्यायालयापुढे आला तेव्हा हाच धागा न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी उचलला. १० नोव्हेंबर १९८० चा हा निकाल 'आयुर्विमा महामंडळ विरुद्ध डी. जे. बहादूर' या नावाने कामगार कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. त्याच आठवड्यात कृष्ण अय्यर निवृत्त झाले. न्यायमूर्तींची निवृत्ती आणि हा बोनस यांचे काय नाते होते, कोण जाणे.

कृष्ण अय्यर यांनी कराराच्या आयुष्याचे तीन आश्रम मांडले, असे म्हणता येईल. पहिला, ठरलेल्या मुदतीचा. दुसरा, मुदत संपल्यापासून नोटिशीची दोन महिन्यांची अवधी सरेपर्यंतचा. आणि तिसरा, नोटीस पुरी झाल्यानंतरचा. महामंडळाच्या मते तिसरा आश्रम नव्हताच, दुसऱ्यानंतर थेट स्मशान. न्यायमूर्तींनी म्हटले, तसे नाही. नोटिशीचा उपयोग एवढाच की, पुन्हा वाटाघाटीचे दार उघडते, नवी मागणी करता येते, वाद न्यायाधिकरणाकडे नेता येतो. पण नवा समेट, नवा निवाडा किंवा संसदेचा योग्य कायदा जुन्याच्या जागी येऊन बसेपर्यंत जुन्याच अटी चालायच्या. औद्योगिक शांततेसाठी केलेल्या कायद्याला पोकळी मानवत नाही. एका पक्षाने एकतर्फी पाटी पुसली की आपल्याला हवे ते लिहायला मोकळा, असे मानले तर करार करण्यात अर्थ तो काय उरला?

दुसरा मुद्दा वकिलीच्या दृष्टीने अधिक नाजूक होता. महामंडळाचा कायदा खास महामंडळासाठी केलेला, १९५६ चा. औद्योगिक विवादाचा कायदा सर्वांसाठी, १९४७ चा. नवा आणि खास कायदा जुन्या आणि सामान्य कायद्यावर मात करतो, असे वकिलांचे सूत्र आहे. मग १९५६ च्या कायद्याखालच्या नियमांनी १९४७ च्या कायद्याखालचा समेट का मोडू नये? कृष्ण अय्यर यांनी हे सूत्रच उलटे करून दाखविले. खास कोण आणि सामान्य कोण हे कशावरून ठरवायचे? विमा चालविण्याच्या बाबतीत महामंडळाचा कायदा खास, हे कबूल. पण इथला प्रश्न विम्याचा नाही, मालक आणि कामगार यांच्या वादाचा आहे. त्या बाबतीत औद्योगिक विवादाचाच कायदा खास, आणि महामंडळाचा कायदा सामान्य. न्यायमूर्ती पाठक यांनी निष्कर्षाला संमती दिली. न्यायमूर्ती कोशल यांनी मात्र भिन्न मत नोंदविले. त्यांच्या मते महामंडळाच्या कायद्याचेच वर्चस्व हवे होते. दोनास एक असा निकाल झाला. १९७४ च्या करारातला पंधरा टक्के बोनस, नवे काही ठरेपर्यंत, देणे महामंडळाला भाग पडले.

कोशल यांचे मत मी हसण्यावारी नेणार नाही. विम्याचा पैसा विमेदारांचा, म्हणजे तुमचाआमचा. खेडोपाडीच्या शिक्षकाने पोटाला चिमटा घेऊन भरलेल्या हप्त्यांतून शहरातल्या कारकुनाला पंधरा टक्के का, असे कोणी विचारले तर तो प्रश्न अगदीच गैर नाही. सरकारच्या मनातही तशीच भूमिका होती. पण तो प्रश्न १९७४ च्या जानेवारीत, करारावर सही करण्यापूर्वी विचारायचा होता. सही झाल्यावर, त्या सहीच्या बदल्यात समोरच्याने चार वर्षांची शांतता दिल्यावर, विचारायचा नव्हता. मी स्वतः विमेदार आहे, आणि तरीही मला असे वाटते.

निकालाने संसदेच्या कायद्याचे दार मात्र उघडे ठेवले होते, आणि सरकार त्याच दाराने आत आले. दिल्लीत सरकार पुन्हा बदललेले होते. ३१ जानेवारी १९८१ रोजी वटहुकूम निघाला, त्याचा कायदा झाला, आणि २ फेब्रुवारीला नवे बोनस-नियम जाहीर झाले. १९७६ च्या सरकारपेक्षा हे सरकार शहाणे होते. आता करार मोडण्याची भाषा नव्हती. नोकरांच्या अटी ठरविणारे नियम करण्याचा अधिकारच सरकारने कायद्याने घेतला, आणि आधीच्या समेटातल्या अटी याच नियमांचा भाग समजाव्या, मग त्या बदलाव्या, अशी रचना केली. जुना करार दाराबाहेर न ठेवता घरात घेतला आणि मग त्याचे नाव बदलले! हे नियमही मागच्या तारखेपासून, जुलै १९७९ पासून, लागू करण्याचा प्रयत्न होता. नोकर तिसऱ्यांदा सर्वोच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने कायदा योग्य ठरविला. इथे नोकर हरले. पण मागची तारीख त्याने मानली नाही. बहादूर प्रकरणात न्यायालयाने दिलेला हुकूम नियमाने मागे जाऊन पुसता येत नाही, म्हणून २ फेब्रुवारी १९८१ पर्यंतचा बोनस जुन्या कराराप्रमाणेच द्यावा, असे ठरले.

म्हणजे हिशेब असा. चार वर्षांचा करार, १९७७ साली मुदत संपलेला. प्रत्यक्षात तो १९८१ च्या फेब्रुवारीपर्यंत जगला. परिपत्रके, संसदेचा एक कायदा, एक नोटीस, नियमावलीतला बदल आणि मागच्या तारखेचे नियम, एवढ्यांनी त्याच्यावर घाव घातले. त्याने शेवटी मान टाकली ती पुढच्या तारखेचा सरळ कायदा आल्यावरच.

हे सारे आज आठवण्याचे कारण आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार नव्या कामगार संहिता लागू झाल्या. एकोणतीस कायदे त्यांत विलीन झाले. या गोष्टीत वारंवार आलेला १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा त्यांत गेला, आणि १९६५ चा बोनस कायदाही गेला. ८.३३ आणि वीस हे टक्के तेवढे नव्या वेतन संहितेत उतरले. जुन्या कायद्यांखाली देशभरच्या कारखान्यांतून, बँकांतून, बंदरांतून केलेले करार शेकड्यांनी चालू असताना हा बदल झाला. औद्योगिक संबंध संहितेच्या शेवटी नेहमीप्रमाणे बचावाचे कलम आहे. जुन्या कायद्यांखाली जे केले ते नव्या संहितेखाली केले असे समजावे, जेथवर ते नव्या संहितेच्या विरुद्ध नसेल तेथवर. १९५६ च्या अकराव्या कलमाशी ताडून पाहिले म्हणजे ओळखीचा चेहरा दिसतो. प्रथम अभय, मग 'तेथवर'.

त्या 'तेथवर'मध्ये किती जागा आहे, हे कलमावरून कळत नाही. आमच्या चाळीच्या जागी आता टॉवर आहे आणि तिथे बोनसची चौकशी कोणी मजल्यावर उभे राहून करीत नाही. पण साताऱ्याच्या कंपनीचे नाव असलेला तो पिवळा कागद अजून आमच्याकडे आहे. पैसे केव्हाच मिळाले. मागच्या बाजूला महामंडळाचा शिक्का आहे, आणि त्याखाली आजोबांची सही, जुन्या वळणाची, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट काढलेली.